गेम झोनवाले भाऊंनो, लेव्हल तुम्ही लावून द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले गेम झोन व गेम पार्लरचे मालक, तसेच काउंटर सांभाळणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली, आखाजीला मामाच्या घरी भाचरं जमली, की तुमच्या दुकानात नवी गिऱ्हाइकं येतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात रिमोट पहिल्यांदाच आलेला असतो. पैसे तासाचे. गेम सुरू होताच पडद्यावर प्रश्न येतो: ईझी, नॉर्मल की हार्ड? मागे दोन मित्र उभे असतात म्हणून पोरगा हार्ड दाबतो. नाहीतर वाचतच नाही, एक्स दाबत पुढे सरकतो आणि आधीचा गिऱ्हाईक जे लावून गेला असेल त्यावर खेळतो. वीस मिनिटं एकाच जागी मरतो, "हाई गेमच बेकार शे" म्हणतो आणि उरलेला वेळ मोबाईल बघत काढतो. पुन्हा येत नाही.

आमचं मागणं एकच आहे. लेव्हल, म्हणजे गेम किती सोपा वा कठीण ते, लावण्याचं काम काउंटरवाल्याने आपल्याकडे घ्यावं. तासाने सायकल भाड्याने देणारा दुकानदार गिऱ्हाइकाची उंची बघायचा, पाना घ्यायचा आणि सीट वर-खाली करून द्यायचा. सीट खाली केली म्हणून कुणाला कमीपणा वाटत नसे, आणि आधीच्या माणसाच्या उंचीची सीट पुढच्याला कुणी देत नसे. तुमचाही धंदा तासाचाच आहे.

आता तपशिलाकडे.

"नॉर्मल" या शब्दाला भुलू नका. कंपनी नॉर्मल ठरवते ती गेम विकत घेऊन घरी बसून वीस-तीस तास खेळणाऱ्या माणसासाठी. रिमोटवरच्या डाव्या स्टिकने (अंगठ्याच्या दांडीने) चालायचं आणि त्याच वेळी उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवायचा, हे त्याच्या अंगठ्यांत आधीच मुरलेलं असतं असं कंपनी धरून चालते. पहिले दोन तास हरला तरी तो गेम सोडणार नाही, कारण त्याने पूर्ण पैसे मोजलेत. तुमच्याकडचा पोरगा एका तासात शिकणार, खेळणार आणि घरी जाणार. कंपनीचा नॉर्मल हा तुमच्या दुकानातला हार्ड समजा. पहिल्यांदा आलेल्याला सर्वांत खालची लेव्हल, चार-पाच वेळा येऊन गेलेल्याला खालून दुसरी, आणि नॉर्मल फक्त ज्याच्या घरी कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) आहे त्याला, असा साधा हिशोब ठेवला तरी निम्मं काम झालं.

लेव्हल बदलली की आत नेमकं काय बदलतं, हे काउंटरवाल्याला माहीत हवं, कारण प्रत्येक गेम वेगळाच स्क्रू फिरवतो. १९९३ च्या 'डूम'मध्ये सर्वांत खालच्या लेव्हलला अंगाला लागणारा मार निम्मा होतो आणि गोळ्या दुप्पट मिळतात. राक्षसांची तब्येत मात्र तीच राहते. 'माइनक्राफ्ट'मध्ये भूक बघा. ईझीवर उपाशी राहिलात तर जीव दाखवणाऱ्या दहा बदामांपैकी पाच उरतात, नॉर्मलवर अर्धा बदाम उरतो, हार्डवर माणूस मरतो. पीसफुलवर भूक लागत नाही आणि झॉम्बी येतच नाहीत. हार्डवर झॉम्बी लाकडी दार फोडतात, म्हणजे दार लावून आत बसलेलं लहान पोरही सुरक्षित राहत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पीसफुल किंवा ईझीच द्या. मोड क्रिएटिव्ह, म्हणजे मार न लागता नुसतं बांधत बसायचा, असेल तर प्रश्नच मिटला.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या २०२० च्या गेमने तर हे स्क्रू सुटे करूनच दिलेत. खेळाडूला लागणारा मार, शत्रूंची हुशारी, साथीदारांची मदत, लपून जाण्याची सोय आणि सापडणारं सामान, या पाचही गोष्टी वेगवेगळ्या लेव्हलवर ठेवता येतात. नेम चांगला पण घाबरून गोळ्या उधळणारा गिऱ्हाईक असेल तर बाकी सगळं मधल्या लेव्हलवर ठेवून फक्त सामान वाढवून द्या. सरसकट ईझी केलं तर त्यालाच कंटाळा येईल.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. ईझी म्हणजे लहान मुलांचा गेम नव्हे. 'द लास्ट ऑफ अस', 'गॉड ऑफ वॉर', 'जीटीए' हे अठरा वर्षांवरच्यांचे आहेत आणि लेव्हल खाली आणल्याने त्यातलं रक्त कमी होत नाही. वयाचा शिक्का वेगळा, काठिण्य वेगळं. पाचवीतल्या पोराला फुटबॉल, रेसिंग, माइनक्राफ्ट द्या.

गिऱ्हाईक कितपत खेळलेला आहे हे विचारून कळत नाही, सगळेच "येतं ना भो" म्हणतात. दोन मिनिटं हात बघा. चालता चालता कॅमेरा फिरवत असेल तर तो सरावलेला. चालतो, थांबतो, मग कॅमेरा फिरवतो, मग पुन्हा चालतो, तर नवखा. पात्र भिंतीला घासत जात असेल किंवा कॅमेरा आकाशाकडे गेला आणि परत आणता येत नसेल, तर त्याची अडचण शत्रूंशी नाहीच, कॅमेऱ्याशी आहे. तिथे लेव्हल खाली आणून काही उपयोग नाही. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची सेन्सिटिव्हिटी दोन घरं कमी करा आणि नेम धरण्याची मदत म्हणजे एम असिस्ट पूर्ण चालू करा. आधीच्या गिऱ्हाइकाने वर-खाली उलटं, म्हणजे इन्व्हर्ट करून ठेवलं नाही ना, ते आवर्जून बघा. उलट्या कॅमेऱ्यावर खेळून "माले नही जमस" म्हणत उठलेला पोरगा खरं तर चांगला खेळाडू असू शकतो.

हाताची अडचण आणि लढाईची अडचण वेगळी ओळखणारे काही गेम आहेत, त्यांचा फायदा घ्या. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये लेव्हलशिवाय वेगळे पर्याय आहेत. पटापट बटण दाबायचे प्रसंग आपोआप पार पडतील असं लावता येतं, एकच बटण धडाधड दाबण्याऐवजी दाबून धरता येतं, कोडी थेट ओलांडता येतात. नवख्याला हे तिन्ही चालू करून द्या आणि लेव्हल सर्वांत सोपी, म्हणजे फ्रेंडली ठेवा. शहरभर झोके घेण्यातच त्याचा तास कधी संपला ते कळणार नाही, आणि त्यासाठीच तो आलेला असतो.

खानदेशात सगळ्यांत जास्त चालतो तो फुटबॉल. 'फिफा'चं नाव २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालं, पण लेव्हल त्याच सात राहिल्या: बिगिनर, ॲमॅच्युअर, सेमी-प्रो, प्रोफेशनल, वर्ल्ड क्लास, लेजंडरी, अल्टिमेट. कॉम्प्युटरविरुद्ध खेळणाऱ्या नवख्याला ॲमॅच्युअर द्या. बिगिनरवर समोरची टीम इतकी सुस्त असते की दहा गोल होतात आणि पोराला आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. लागोपाठ दोन मॅच तीन किंवा जास्त गोलांनी जिंकला तर एक घर वर चढवा. प्रोफेशनल ते वर्ल्ड क्लास ही उडी बाकीच्यांपेक्षा मोठी वाटते, कारण तिथून पुढे कॉम्प्युटर चेंडू सहज सोडत नाही. त्या जागी मुलं सगळ्यांत जास्त वैतागतात. तेव्हा लेव्हल खाली न आणता टीम बदला. समोर साडेतीन स्टारची टीम, आपल्याकडे पाच स्टारची. पासिंगची मदत असिस्टेड ठेवा. कुणीतरी हौसेने मॅन्युअल करून गेलं असेल तर पुढच्याचा प्रत्येक पास मैदानाबाहेर जातो आणि दोष लेव्हलला मिळतो. एका हाफची वेळ सहा मिनिटं ठेवली तर रिप्ले-मेनू धरून मॅच पंधराएक मिनिटांत संपते. तासात चार मॅच बसतात. वीस मिनिटांचा हाफ लावलेला राहिला तर गिऱ्हाइकाचा जवळपास अख्खा तास एका मॅचमध्येच जातो.

क्रिकेटमध्ये 'क्रिकेट २२', 'क्रिकेट २४' या गेममध्ये बॅटिंग आणि बोलिंगची काठिण्यपातळी वेगळी ठेवता येते, हे पुष्कळ काउंटरवाल्यांना माहीत नसतं. आपल्याकडच्या पोरांना बॅटिंगला टायमिंग सापडायला वेळ लागतो, बोलिंग मात्र लवकर जमते. म्हणून बॅटिंग सर्वांत सोपी आणि बोलिंग एक-दोन घरं वर, अशी सुरुवात करा. दोन्ही एकत्र ईझी केलं तर कॉम्प्युटर तीस धावांत गुंडाळला जातो आणि मजा जाते. पाच-पाच ओव्हरच्या वर जाऊ नका. पहिल्या चेंडूपासून सिक्स मारायला जाणाऱ्याला आधी एक ओव्हर नेटमध्ये खेळू द्या, कारण जुन्या 'क्रिकेट ०७'ची सवय असलेल्यांचं टायमिंग इथे हमखास चुकतं.

रेसिंगमध्ये कॉम्प्युटरच्या गाड्यांची लेव्हल आणि आपल्या गाडीला मिळणारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये नवख्याला ब्रेकची मदत चालू, रस्त्यावर रेघ दाखवणं चालू, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल ० ते ५ मधलं ५ वर, गिअर ऑटोमॅटिक. तो वळणावर बाहेर फेकला जायचा थांबला की एकेक मदत काढत जा: आधी ब्रेकची, मग रेघ, मग ट्रॅक्शन कंट्रोल एकेक आकडा खाली. गिअर सर्वांत शेवटी. सगळी मदत एकदम काढली तर पहिल्याच वळणावर गाडी गोल फिरते. तसंच, ब्रेकची मदत चालू ठेवून समोरच्या गाड्या हार्डवर ठेवणं हे सगळ्यांत वाईट जुळणं आहे. गाडी आपणहून थांबते, बाकीचे पुढे जातात आणि खेळणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही.

गोष्टीच्या गेममध्ये एक अडचण नेहमी येते. काही लेव्हल मध्येच बदलता येत नाहीत. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये चार लेव्हल आहेत. खालच्या तीन सेटिंगमधून केव्हाही बदलतात, पण सर्वांत वरची एकदा निवडली की बदलायला नवा गेमच सुरू करावा लागतो. कुणीतरी हौशी पोराने रात्री नवा गेम त्या लेव्हलवर सुरू करून ठेवला तर सकाळच्या गिऱ्हाइकाला पर्यायच उरत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या गेमचा एक स्वतंत्र मॅन्युअल सेव्ह ठेवा: सुरुवातीची चित्रफीत आणि शिकवणी संपल्यानंतरचा, खालच्या लेव्हलवरचा. नाहीतर तासातली पहिली वीस मिनिटं चित्रफीत बघण्यातच जातात. पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर हा सेव्ह पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवता येतो. पीएस५ च्या गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर जात नाहीत, तिथे वेगळा स्लॉट राखून ठेवणं हाच उपाय.

सगळ्यांत टिकाऊ व्यवस्था म्हणजे प्रत्येक कन्सोलवर तीन युजर. नावं साधी ठेवा: नवा, सरावाचा, पक्का. "बच्चा", "नूब" असली नावं नकोत, स्वतःहून कोणी त्यावर बसणार नाही. लेव्हल, कॅमेरा, पासिंग, सेव्ह हे बहुतेक सगळं युजरनुसार वेगळं साठवलं जातं, त्यामुळे गिऱ्हाईक बदलला की मेनूत शिरायची गरज नाही, युजर बदलायचा. पीएस५ वर याहून सोपं आहे. सेटिंगमध्ये सेव्ह्ड डेटा आणि गेम सेटिंगच्या पानावर गेम प्रीसेट नावाचा विभाग आहे. तिथे त्या युजरसाठी काठिण्य, कॅमेरा उलटा-सुलटा, सबटायटल आणि चित्र सुंदर हवं की वेगवान, हे एकदा लावलं की ज्या गेमना ही सोय आहे ते पहिल्यांदा सुरू होताना तसेच सुरू होतात. सगळ्याच गेमना नाही, म्हणून प्रत्येक गेम एकदा उघडून खात्री करा. डिजिटल गेम दुसऱ्या युजरवर कुलूप दाखवत असतील, तर ज्या खात्यावर गेम घेतलेत त्यासाठी पीएस४ ला प्रायमरी कन्सोल करा. पीएस५ वर त्यालाच कन्सोल शेअरिंगची सोय म्हणतात, ती चालू ठेवा.

आता अशी कारणं, जी लेव्हल नसूनही लेव्हलसारखी वाटतात. दुरुस्तीच्या निमित्ताने आम्हाला हीच जास्त दिसतात.

पहिलं टीव्ही. घरगुती एलईडी टीव्ही चित्र घासूनपुसून दाखवतो आणि त्यात वेळ घालवतो. बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला शंभर मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे खेळणारा सहा फ्रेम मागे खेळतोय. वार अडवणं, बॉलला बॅट लावणं, पेनल्टी थांबवणं, सगळं चुकणार, लेव्हल कोणतीही असो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडलाय त्याच पोर्टवर तो चालू करा. पुष्कळ टीव्हींत हा मोड प्रत्येक पोर्टला वेगळा असतो, वायर दुसरीकडे लावली की गेला. गेममध्ये परफॉर्मन्स मोड असेल तर तोच ठेवा. तीस फ्रेमच्या देखण्या चित्रापेक्षा साठ फ्रेमचा वेग नवख्याला जास्त उपयोगी पडतो.

दुसरं रिमोट. स्टिकवरून अंगठा काढून पाच सेकंद पडद्याकडे बघा. कॅमेरा आपोआप सरकत असेल तर स्टिक झिजलीय किंवा आत धूळ गेलीय. नव्या पोराला हे कळत नाही, तो आपलाच नेम चुकतोय समजतो. डेड झोन (स्टिकची जेवढी बारीक हालचाल गेम धरत नाही तो भाग) वाढवायची सोय त्या गेममध्ये असेल तर वाढवा, पण हा तात्पुरता इलाज आहे, स्टिकचं मॉड्यूल बदलावंच लागेल. एकाच खोलीत सहा-आठ रिमोट ब्लूटूथवर असतील तर सिग्नल अडखळतो. रिमोटच्या सेटिंगमध्ये संपर्काची पद्धत यूएसबी केबल करा. केबल मात्र डेटाची घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे होत नाही.

तिसरं ऊन. सोनी कंपनी पीएस४ आणि पीएस५ साठी ५ ते ३५ अंश तापमान सांगते. भुसावळ-जळगावचा मे महिना त्याच्या कितीतरी वर असतो आणि पत्र्याच्या गाळ्यात तर विचारूच नका. कन्सोल काचेच्या बंद कपाटात ठेवू नका, मागे वितभर जागा सोडा, जाळ्यांतली धूळ महिन्यातून एकदा तरी काढा. गरम झालेला कन्सोल इशारा देऊन मध्येच बंद पडतो. लॉजिक सोपं आहे: बंद पडला की शेवटच्या सेव्हपासून पुन्हा सुरुवात, म्हणजे गिऱ्हाइकाला तेच अवघड ठिकाण दोनदा पार करावं लागणार. मोबाईल आणि लॅपटॉप बंद न पडता हळू होतात, फ्रेम गळतात आणि दुपारी दोनचा बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) सकाळी दहाच्या बीजीएमआयपेक्षा कठीण वाटतो.

चौथं, अर्थात, लाइट. भारनियमन असो वा वादळी पाऊस, आपल्याकडे वीज सांगून जात नाही. त्यामुळे एकदा मेलं की सगळं पुसलं जाणारे मोड दुकानात ठेवूच नका. माइनक्राफ्टचा हार्डकोर, लास्ट ऑफ असचा पर्माडेथ हे घरी, रात्री, यूपीएसवर खेळायचे प्रकार आहेत. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू आहे का बघा. साध्या मोडवर बदलायला लागणारा क्षण कन्सोलला सहन होत नाही आणि तो रीस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा बाजारातला यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. पीएस५ जड गेममध्ये दोनशे वॅटच्या आसपास घेतो. टीव्ही धरून एका जोडीला एक यूपीएस पुरतो, दोन जोड्या लावल्या की लाइट गेल्याबरोबर दोन्ही बसतात. पडद्याच्या कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरत असताना स्विच बंद करायचा नाही, हे झाडूपोछा करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

दोघे जण समोरासमोर खेळतात तेव्हा कॉम्प्युटरची लेव्हल उपयोगाची नाही, तिथे दोघांतला फरक भरून काढायचा असतो. ही कल्पना जुनीच आहे. १९७७ च्या अटारी २६०० वर डाव्या आणि उजव्या खेळाडूला काठिण्याचं वेगवेगळं बटण होतं, मोठ्या भावाने ए वर खेळायचं, धाकट्याने बी वर. आज ते बटण नाही, पण मार्ग आहेत. फुटबॉलमध्ये कमजोर खेळाडूला पाच स्टारची टीम. 'टेकन ८'मध्ये स्पेशल स्टाइल चालू केली की एकेका बटणावर डाव निघतात. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये मॉडर्न कंट्रोल आहेत, त्यात सोप्या बटणाने काढलेल्या खास डावाची ताकद कमी धरली जाते, म्हणून पक्क्या खेळाडूने तक्रार करायचं कारण नाही. आणि फरक फारच असेल तर दोघांना एकाच टीममध्ये कॉम्प्युटरविरुद्ध बसवा. भाऊ-बहीण आले तर आधी हेच सुचवा.

काही गेम लेव्हल विचारत नाहीत, पण आतून बदलतात. २००५ चा 'रेसिडेंट ईव्हिल ४' खेळणारा चांगला खेळतोय असं दिसलं की शत्रू कडक करतो, वारंवार मेला की सैल सोडतो. पक्का खेळाडू अर्ध्यावर उठला आणि त्याच सेव्हवर नवख्याला बसवलं तर त्याला कडक झालेला गेम मिळतो. तिथे नवा गेमच सुरू करून द्या. बीजीएमआयमध्ये खालच्या टियरला (पायरीवर) बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले कच्चे खेळाडू भेटतात, म्हणून मोठ्या भावाचा वर चढलेला आयडी धाकट्याला दिला की तो उतरल्या उतरल्या बाद होतो. त्याला स्वतःचा नवा आयडी काढू द्या. 'हेडीस'मधला गॉड मोड तर कौतुकाचा आहे. सुरुवातीला मार वीस टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक दोन टक्के आणखी कमी, ऐंशीपर्यंत. खेळणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. 'जीटीए ५'मध्ये लेव्हलच नाही, पण एका ठिकाणी तीनदा अपयश आलं की तो भाग ओलांडायचा पर्याय येतो. तो आला की पोरं लाजेने "नाही" दाबतात. 'एल्डन रिंग'मध्येही लेव्हल नाही. तिथे पात्राची ताकद वाढवणं आणि मदतीला आत्मे बोलावणं हीच सोय. तासाच्या गिऱ्हाइकाला तो गेम देऊ नका, मागितला तर आधी समजावून सांगा.

तीनदा अपयशाचा हा नियम दुकानालाही लागू पडतो. एकाच ठिकाणी तीनदा मेला तर काउंटरवरून उठून जा आणि एक घर खाली करू का, असं हळू आवाजात विचारा. दुकानभर ऐकू जाईल असं नको. उलट, पंधरा मिनिटांत एकदाही मेला नाही आणि बाजूच्याशी गप्पा मारत खेळतोय, तर एक घर वर चढवायला सुचवा.

हसणाऱ्यांचा बंदोबस्त मालकानेच करायचा असतो. ही खोड गेम बनवणाऱ्यांनीच लावलेली आहे. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'त सर्वांत सोप्या लेव्हलचं नाव "बाबा, मी खेळू का?" अशा अर्थाचं होतं आणि शेजारी नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं दाखवलेलं होतं. तरी 'काँट्रा'त वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए दाबून तीनाचे तीस जीव घेणाऱ्यांना तेव्हा कोणी कच्चं म्हटलं नाही, उलट तो कोड माहीत असणाऱ्याला भाव होता. दुसऱ्या टोकाची चूकही टाळा. मुलगी आली की किंवा चाळिशीचे काका आले की न बघता ईझी लावून देणं हा अपमानच आहे. दोन मिनिटं हात बघायचा नियम सगळ्यांना सारखा.

लेव्हल सोपी केली तर गेम लवकर संपेल आणि तास कमी विकले जातील, अशी भीती काही मालक बोलून दाखवतात. गोष्टीचा मोठा गेम सर्वांत सोप्या लेव्हलवरही पंधरा-वीस तास सहज चालतो. पुढे काय होतं हे बघायला येणारा गिऱ्हाईक रोज येतो. एकाच बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, अडकलेला दोन दिवस येतो आणि तिसऱ्या दिवशी घरी यूट्यूबवर शेवट बघून घेतो.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी किंवा गणेशोत्सवात मंडळांसाठी स्पर्धा घेत असाल, तर फक्त एवढं करा: हाफची मिनिटं, गेमचा वेग, पासिंगची मदत चालेल की नाही, टीमची स्टार-मर्यादा आणि बरोबरी झाली तर काय, हे कागदावर लिहून आदल्या दिवशी लावा, आणि सगळे सामने गेम मोड चालू असलेल्या टीव्हींवरच घ्या. आमच्याकडे निवाड्याला येणारी बहुतेक भांडणं यातलं काहीतरी लिहिलेलं नसल्यामुळेच झालेली असतात.

प्रत्येक टीव्हीखाली चिकटवायला हा मजकूर चालेल. मोठ्या अक्षरात छापा:

नवीन आलात? "नवा" युजर निवडा.
कॅमेरा उलटा चालतोय, नेम सरकतोय? काउंटरला सांगा, सेटिंग किंवा रिमोट बदलून मिळेल.
एकाच जागी तीनदा अडकलात? हात वर करा, लेव्हल बदलून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.
नवा गेम सुरू करण्याआधी विचारा.
उठताना युजर बदलून ठेवा.

आपले,
खानदेशात कन्सोल लावून देणारे, दुरुस्त करणारे आणि स्पर्धांना पंच म्हणून बसणारे काही जण